हिमोग्लोबिन वाढलं, आता बसायला कारण उरलं नाही

जांभळं_झाकण (परभणी जिल्हा)

मी लॅब टेक्निशियन आहे. डीएमएलटी करून १४ वर्षं झाली, त्यातली ११ एकाच खाजगी लॅबमध्ये. तालुक्याचं गाव. वय ३९. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान. सासूबाई आमच्यातच असतात, मी त्यांना आत्याबाई म्हणते. हे आधीच सांगते, कारण उत्तर देणारीच्या डोळ्यापुढं घर असलेलं बरं.

सकाळी ५ ला उठते. नळाचा दिवस असला तर ४ ला. आमच्या भागात आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, टाकी, पिंप, घागरी भरेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. मग भाकरी, भाजी, डबे, आत्याबाईंची साखरेची गोळी. ७ ला लॅब, कारण उपाशीपोटी रक्त द्यायचं असणारे तेव्हाच येतात आणि त्यांना ताटकळत ठेवता येत नाही. २ ला घरी. ५ ते ८ परत लॅब, रिपोर्ट द्यायला.

मागच्या भादव्यात महालक्ष्म्यांचं सगळं नेहमीसारखं केलं. पुरण, सोळा भाज्या, कोशिंबिरी, सवाष्णी. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि मुखवटे माळ्यावर ठेवायला जिना चढले तर चौथ्या पायरीवर बसावं लागलं. छाती धडधडत होती, कानात घूं आवाज. वाटलं उपास, जागरण, दुसरं काय. त्याआधी सहा-सात महिने मी तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ खात होते. मूठ-मूठ. पावसाळ्यात ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. पेशंटनं हे सांगितलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, मावशी, लोह कमी आहे, सीबीसी करा. स्वतःच्या बाबतीत ते मनातच आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये लॅबच्या मशीनचं काम निघालं. काम झाल्यावर इंजिनिअरला ताजा नमुना हवा होता. दुपारची वेळ, पेशंट कुणी नाही, मी माझाच हात पुढं केला. सीबीसीच्या बाटलीचं झाकण जांभळं असतं. रोज तीस-चाळीस भरते, माझ्या नावाची ती पहिली. हिमोग्लोबिन ७.६. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, ६२. तोही कमीच. मी म्हटलं मशीन अजून नीट झालेलं नाही. दुसऱ्यांदा लावलं. ७.५.

रिपोर्ट घरी नेला आणि फ्रिजला लावून टाकला, डॉक्टरांकडं जाताना विसरू नये म्हणून. इथून जे झालं ते मला सांगायचंय.

घरानं तो कागद वाचला. आत्याबाई म्हणाल्या, "बस माय थोडं, किती करायलीस." नवरा डाळिंबं, बीट, खजूर घेऊन आला. मुलगी शाळेतून आली की चहा टाकायला लागली. गोळ्यांनी मळमळ व्हायची म्हणून डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये लोहाचं सलाईन दिलं, आणि घरी सांगितलं की हिला दुपारी आडवं होऊ द्या. तेव्हापासून साडेतीन ते चार ही वेळ माझी झाली. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बाज आहे. मी तिथं पडायचे. झोप नाही, मोबाईल नाही. शेजारच्या वाड्यातली कोंबडी कुठं अंडं घालते हे मला तेव्हा कळलं. लिंबाची पानगळ बघितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला दुपार कशी असते ते दिसलं.

फेब्रुवारीत परत रक्त तपासलं. ११.४.

मशीनवर तो आकडा आला तेव्हा मला आनंद झाला नाही. मनात आलं, गेलं आता. मग दुसरा विचार आला की साडेनऊवर थांबलं असतं तर बरं झालं असतं. त्या विचाराची मला भीती वाटली. रोज बायांना आकडे सांगते, कमी आला की त्यांचा चेहरा उतरतो तो बघते. आणि मी माझा आकडा कमी यावा म्हणते?

घरी कुणी काहीही बोललं नाही. खरंच नाही. फक्त हळूहळू चहा यायचा थांबला. साडेतीनला "आई, माझा कंपास", "अगं, दळण टाकून येतीस का", "दुकानावर डबा पाठव". मी उठते. उठू नको असं म्हणायला माझ्याकडं आता कागद नाही.

तर विचारायचं हे आहे. आजारी नसताना, काही दुखत नसताना, रोज अर्धा तास नुसतं बसणारी नोकरदार आई तुमच्यात कुणी आहे का? घरात ते कसं सांगितलं? कोणत्या शब्दांत? मला योगासनांची यादी नको, फेशियल नको. घरच्यांना काय म्हणायचं तेवढं सांगा.

---

सेलूची_पुण्यात

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. माझं माहेर सेलू, त्यामुळं लिंबाखालची बाज बरोबर समोर आली. मी रविवारी सकाळी दोन तास घराबाहेर जाते, टेकडीवर. स्वयंपाकाला बाई ठेवल्यापासून ते जमलं. तुम्हालाही पोळ्या-भाकरीला कुणी ठेवता येईल का बघा.

---

जांभळं_झाकण

भांड्याला मावशी येतात. भाकरीला ठेवायचं म्हटलं तर पगारात बसत नाही, हे एक. दुसरं, आमच्या भांड्याच्या मावशींचं मी लॅबमध्ये तपासलं, ८.२ निघालं. त्या सहा घरं करतात. मी त्यांना लोहाच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलंय. त्यांचा अर्धा तास कुठून येणार, हाही प्रश्न मला रात्री पडतो.

---

नाईट_ड्युटी_नांदेड

मी स्टाफ नर्स, १७ वर्षं, सध्या स्त्रियांच्या वॉर्डात. आधी दवाखान्याचं बोलते, मग घराचं.

लॅबवाल्या बाईला मी काय सांगावं, पण स्वतःचं कळत नाही हे तुम्हीच लिहिलंय म्हणून सांगते. ११.४ म्हणजे झालं नाही. गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली आहे तोवर ॲनिमियाच म्हणतात. आणि हिमोग्लोबिन १२ झालं तरी साठा भरलेला नसतो, म्हणून आकडा नॉर्मल आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. सलाईनला तीन-चार महिने होऊन गेलेत, आता केलं तर आकडा खरा येईल. लगेच केलेलं फुगलेलं दिसतं.

गोळी चहाबरोबर घेऊ नका. जेवणावर लगेच चहा ही आपल्याकडची सवय, त्यानं जेवणातलं लोहसुद्धा अंगी लागत नाही. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. लिंबू पिळा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळेला.

महत्त्वाचं म्हणजे लोह गेलं कुठं? पाळीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. जास्त जाते का? सात-आठ दिवस? गाठी पडतात? सोनोग्राफी झाली का? थायरॉइड बघितलं का? ते न बघता नुसतं भरत राहिलात तर भोकाच्या घागरीत पाणी.

आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरकडं जा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या बायकांच्या इतक्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कितीतरी बायका चाळिशीच्याही आतल्या. त्यांचंही कारण तुमच्यासारखंच होतं बघा. पाळीत कामावर खाडा झाला तर पैसे कापले जातात, बसायला परवानगी नाही, मग पाळीच नको. जास्त रक्त जाणं थांबवायला गोळ्या आहेत, औषध सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवतात, ती आहे. काय योग्य ते तुमच्या डॉक्टरला विचारा, पण काढणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

आता तो विचार, आकडा कमी यावा असा. तुम्ही एकट्या नाही. आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या दिवशी सकाळी राउंड झाला की काही बायका मला हळूच बाजूला घेतात. "सिस्टर, अजून एक दिवस ठेवा ना." ताप नाही, टाके वाळलेत, सगळं ठीक. मी नवीन असताना वाटायचं घरी मारहाण आहे की काय. एखादीची असतेही, ते आम्ही विचारतो. पण बहुतेकींना फक्त कॉटवर अजून एक रात्र हवी असते. सरकारी गादी, शेजारी रडणारं लेकरू, डास, तरीसुद्धा. सकाळी चहा आणि ब्रेड हातात मिळतो म्हणून.

माझ्या घराचं सांगते. नाईट करून सकाळी ९ ला घरी यायचे, आणि ११ ला कुणीतरी उठवायचंच. कुरिअर, गॅस, दीर, मुलांचं भांडण. शेवटी मी युनिफॉर्म धुवायला टाकायच्या आधी खोलीच्या कडीला बाहेरून अडकवायला लागले. पांढरा कोट बाहेर दिसला म्हणजे आई ड्युटीवर आहे. तीन वर्षांच्या पोरालाही ते कळलं. आता तो अकरावीत आहे, अजूनही कोट दिसला की टीव्ही बारीक करतो. शब्द मला सापडले नव्हते, म्हणून कोट लावला.

---

हिंगोलीकर_७१

मी पुरुष आहे, बोलावं की नाही असा विचार करून लिहितोय. बायको आरोग्यसेविका. २०२४ चा सरकारचा वेळेचा सर्व्हे मी मुद्दाम वाचला. घरातली बिनपगारी कामं बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं करतात, पुरुष ८८. आणि ही सरासरी त्या दिवशी काम केलेल्यांचीच आहे. ज्यांनी हात लावलाच नाही ते त्यात धरलेलेच नाहीत.

आमच्याकडं पाण्याचा दिवस मी घेतला. पूर्ण. मोटर लावणं, पाईप, टाकी धुणं, पिण्याच्या पाण्यात तुरटी, सगळं. पहिले दोन महिने ती मध्ये मध्ये येऊन बघायची. एकदा टाकी वाहून गेली, गल्लीत बोलणी खाल्ली. आता ती त्या दिवशी साडेसहापर्यंत झोपते.

पण तुमच्या घरच्यांच्या बाजूनं एक सांगू? चहा थांबला त्यात वाईट हेतू नसेल. मलाही कधी दिसलं नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा दिसलं. सांगितलं की होतं.

---

बाई_धाराशिव

दादा, पाणी भरता ते चांगलंच करता. पण "सांगितलं की होतं" हे मला पटत नाही. तुम्हाला दम लागला तर घरात कुणी सांगायची वाट बघतं का? तुम्ही दुकानातून, ऑफिसातून आलात की पाण्याचा तांब्या पुढं येतो, तो तुम्ही कुणाला सांगितलेला असतो? आम्हाला न सांगता दिसतं, कारण लहानपणापासून आम्हाला बघायला शिकवलंय. तुम्हाला शिकवलं नाही. ती शिकवण आता मुलाला द्या.

प्रश्नकर्त्या ताईंना: मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. आम्हाला २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, पूर्ण नोकरीत १८० दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. मी मुलीच्या दहावीला घेतली. त्या दोन महिन्यांत मी तिच्यासाठी उठत होते, तिच्यासाठी जागत होते. रजा चांगली आहे, हवीच. पण तुम्ही लिहिलेलं वाचून लक्षात आलं, मला मिळालेली सगळी रजा कुणाच्या तरी नावावर आहे. बाळंतपण, संगोपन, सासऱ्यांचं ऑपरेशन. माझ्या नावावर घेतलेली रजा एकच, चिकनगुनिया झाला तेव्हाची.

---

लातूरची_रिटायर_बाई

पोरी, सविस्तर लिहिते. वय ६६, टायपिंग हळू आहे, दोन दिवस लागले.

मी ३२ वर्षं शाळेवर होते, त्यातली १९ रोज एसटीनं जाऊन-येऊन. तेव्हा अर्धं तिकीट नव्हतं, बायकांना ते २०२३ पासून झालं. संध्याकाळी पावणेसहाला गाडी लातूरला लागायची. घर चालत दहा मिनिटं. मी घरी साडेसहाला पोचायचे.

मधली ती पस्तीस मिनिटं मी स्टँडवर बसायचे. अंबाजोगाईची गाडी लागते तिकडच्या शेवटच्या बाकावर. काही करायचे नाही. पर्समध्ये शेंगदाणे असायचे ते खायचे. गाड्या बघायचे. कंडक्टर लोक ओळखायला लागले, एक जण विचारायचा, "बाई, कुठली गाडी?" मी म्हणायची, "येईल अजून." घरी सांगायचे, गाडी लेट होती. चौदा वर्षं आमची गाडी रोज लेट होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात सगळ्या देशानं लातूर बघितलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती पाच लाख लिटरची. लोकांना ती गाडी आठवते. मला टँकरच्या रांगा आठवतात, रात्री दोनला, तीनला. रांगेत बायका आणि पोरं. त्या वर्षी मी ती पस्तीस मिनिटंसुद्धा सोडली. अपराधी वाटायला लागलं, घरी घागरी रिकाम्या आणि मी बाकावर. त्याच वर्षी माझं बीपी निघालं. त्याचा याच्याशी संबंध आहेच असं मी म्हणणार नाही, डॉक्टर नाही मी. पण मला तसं वाटतं.

एकदा मुलानं मला स्टँडवर बघितलं. तो कॉलेजात होता, मित्रांबरोबर आला होता. म्हणाला, "आई, इथं काय करलालीस? गाडी तर केव्हाच आली." मी खोटं बोलले. चक्कर आली म्हणून बसले म्हटलं. तो घाबरला, रिक्षा केली, घरी नेलं, दोन दिवस घरात सगळे माझ्याशी हळू बोलत होते. तुझ्या फ्रिजवरच्या कागदासारखंच झालं. मी आजाराचं नाव घेतलं म्हणून मला माफी मिळाली.

आज मला त्याचं वाईट वाटतं. बसले याचं नाही. चोरून बसले याचं. कारण माझ्या मुलीनं तेच उचललं. ती छत्रपती संभाजीनगरला असते, नोकरी करते, आणि मला फोनवर सांगते की ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत वीस मिनिटं बसून मग वर जाते. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. शिकवलं नव्हतं कसं म्हणू?

आता दुसरी बाजू, कारण आता मी सासू आहे. आमची सून बँकेत. ती आल्यावर खोलीचं दार लावून घ्यायची, वीस मिनिटं. पहिलं वर्षभर मला वाटायचं माझ्यावर राग आहे. आम्ही दोघी बाकावरच्या बायका, पण दार लागलं की मला माझा बाक आठवायचा नाही, मला अपमान आठवायचा. एके दिवशी तीच म्हणाली, "आई, मी आत काही करत नाही हो. नुसती पडते. तुमच्यावर रुसलेली नसते." एवढं एक वाक्य. त्यानंतर मला त्या दाराचं काही वाटलं नाही.

म्हणून तुला शब्द हवेत ना, ते आधी नवऱ्याला सांगू नकोस. आत्याबाईंना सांग. साडेतीनला काम काढणारी पहिली हाक त्यांचीच असते, तूच लिहिलंयस, दळणाची. त्यांनी उभा जन्म येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रात्री तीनला उठून भज्जीची तयारी केली असेल, आंबील घुसळली असेल, आणि शेतात सगळे जेवल्यावर उरलं ते खाल्लं असेल. आपण सण म्हणतो शेतात बसून जेवायचा, त्यात त्या कधी बसल्या ते विचार त्यांना. त्यांना बसणं म्हणजे एकतर आजार, नाहीतर आळस, हेच दोन शब्द माहीत आहेत. तिसरा शब्द तुला द्यावा लागेल.

आणि "थकले" म्हणू नकोस. "दुखतंय" तर मुळीच नको. खोटं एकदा बोललीस की रोज दुखवून घ्यावं लागतं. खरं ते सांग, मला काही झालेलं नाही आणि मी बसणार आहे. त्यांना बाजेवर बोलाव. त्या रोज येऊन बसल्या तर तुझा अर्धा तास गेला, म्हणून वाटून घे. पंधरा मिनिटं त्यांच्याशी बोलायची, पंधरा तुझी एकटीची.

---

बाई_धाराशिव

बाई, पार्किंगचं वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला थोडा वेळ. मी शाळेच्या स्टोअर रूममध्ये बसते. गणवेशाच्या गठ्ठ्यांवर.

---

जांभळं_झाकण

अकरा दिवसांनी लिहिते. मध्ये मार्च महिन्याचं काम होतं, आणि एक नळाचा दिवस.

सिस्टर, तुम्ही बरोबर पकडलं. पाळी आठ दिवस जाते, दोन वर्षांपासून. इथं लिहायलाही मला लाज वाटली, आणि रोज मी बायांना हेच विचारते. सोनोग्राफी केली, एक गाठ आहे, लहान. डॉक्टरांनी सध्या गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाल्या. काढायचं नावही घेतलं नाही. थायरॉइडचं टीएसएच नॉर्मल आहे. फेरिटिन आमच्याकडं होत नाही, नमुना बाहेर पाठवला. ११ आलं. हिमोग्लोबिन ११.४ आणि फेरिटिनही ११. म्हणजे वर भरलंय आणि तळाशी काही नाही. गोळ्या परत सुरू.

घरी हा कागद दाखवायचा मोह फार झाला. फ्रिजचं मॅग्नेट हातात घेतलं होतं. फेरिटिन ११ म्हटलं असतं तर चहा दुसऱ्या दिवसापासून परत सुरू झाला असता. गोळ्यांचं नवऱ्याला सांगितलं, सोनोग्राफीला तोच आला होता, लपवायचं काही नाही. पण कागद फ्रिजला लावला नाही. फाईलमध्ये ठेवला.

मग लातूरच्या बाईंनी सांगितलं तसं केलं. रविवारी साडेतीनला आत्याबाईंना बाजेवर बोलावलं. त्या म्हणाल्या, "काय झालं? बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे. गोळ्या चालू आहेत, त्याचं काही नाही. मला रोज साडेतीन ते चार इथं बसायचंय. बरी झाले तरी बसायचंय. राग नाही, दुखत नाही." माझा आवाज कापत होता. रोज अनोळखी माणसाच्या दंडाला पट्टा बांधते, सुई घालते, तेव्हा कापत नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ लिंबाकडं बघत होत्या, आता मोहर आलाय त्याला. मग म्हणाल्या, "मी तुझ्या वयाची होते तेव्हा शेण काढायला गोठ्यात गेले की तिथंच बसून राहायची. गाय हलायची नाही." आणि उठून आत गेल्या. मला कळेना की हो म्हणाल्या की नाही.

सोमवारी मी पडले. कंपासची हाक आली. मी उठले नाही, मुलाला म्हटलं चारला देते. तो रडला थोडा, मग स्वतः शोधला. मंगळवारी दळण आत्याबाईंनी मुलीच्या हाती पाठवलं. नवऱ्याच्या डब्याचं अजून जमलेलं नाही, तो फोन साडेतीनलाच येतो. त्याच्याशी बोलायचंय. हिंगोलीचे दादा, पाण्याचा दिवस त्यांनी घ्यावा असंही म्हणणार आहे, पण एका वेळी एक.

बुधवारी पुढच्या दारात शेजारच्या वहिनी आल्या, ब्लाउजचं काही विचारायला. नोव्हेंबरपासून अशा वेळी आत्याबाई सांगायच्या, "तिला बरं नाही गं." मी बाजेवर पडून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "ती निवांत बसलीय. चारला ये."

वहिनींनी विचारलं, "का, काय झालं?"

"काही नाही झालं."

सिस्टर, गोळी मी आता सकाळी लॅबला पोचल्यावर लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा साडेआठला. पुढचं सीबीसी जूनमध्ये. भांड्याच्या मावशींचंही त्याच दिवशी करणार आहे, त्यांच्या नावाची बाटली लिहून ठेवलीय. दोन्ही आकडे इथं टाकते.